भाडे, भाडेपट्टा आणि वस्तू व सेवा कर : एक समीक्षा

प्रस्तावना

मालकी एकाची आणि उपभोग दुसऱ्याचा, हा भाडेव्यवहाराचा गाभा होय. विक्रीत वस्तू कायमची हात बदलते, मजुरीत श्रम खर्ची पडतात. या दोन्ही क्रिया करकायद्याच्या परिचयाच्या आहेत. 'वापरू देणे' ही क्रिया मात्र या दोहोंच्या मधली आहे. तिला विक्री म्हणावे की सेवा, हा वाद भारतातील अप्रत्यक्ष करव्यवस्थेने अर्धशतकाहून अधिक काळ वागवला. १ जुलै २०१७ रोजी अमलात आलेल्या वस्तू व सेवा कर कायद्याने त्यावर एका वाक्यात पडदा टाकला. मालकीचे हस्तांतरण न करता वस्तूच्या वापराचा हक्क देणे ही सेवा, आणि स्थावर मालमत्ता भाड्याने देणे हीदेखील सेवाच, असे कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सांगून टाकले.

या उत्तराचे मूल्यमापन करण्यासाठी प्रस्तुत लेखात एकच कसोटी वापरली आहे. मूल्यवर्धित तत्त्वावर उभ्या असलेल्या कोणत्याही कराने विकत घेणारा आणि भाड्याने घेणारा यांच्यात पक्षपात करू नये, ही ती कसोटी. तिच्यावर हा कायदा यंत्रे, वाहने इत्यादी जंगम वस्तूंच्या बाबतीत बऱ्याच अंशी उतरतो. इमारतींच्या बाबतीत उतरत नाही. आणि ज्यांना भरलेल्या कराची वजावट मिळत नाही अशा संस्थांच्या बाबतीत त्याचे परिणाम विपरीत होतात. महाविद्यालये या शेवटच्या वर्गात मोडतात. तरीही या विषयाची चर्चा शैक्षणिक वर्तुळात लेखापरीक्षकाच्या टिपणीपलीकडे क्वचितच जाते.

पार्श्वभूमी : शब्दांची ओढाताण

मद्रास राज्य विरुद्ध गॅनन डंकर्ले या १९५८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घटनेतील 'मालाची विक्री' या शब्दांना १९३० च्या माल विक्री कायद्यातीलच अर्थ आहे असे ठरवले. मालकी हस्तांतरित होत नसेल तर विक्री नाही, आणि विक्री नसेल तर राज्याला विक्रीकर नाही. निकाल बांधकामाच्या कंत्राटाबाबत होता. परंतु त्याच तर्काने यंत्रे भाड्याने देण्याचा व्यवहारही विक्रीकराच्या कक्षेबाहेर राहिला. यावर संसदेने १९८२ मध्ये सेहेचाळिसावी घटनादुरुस्ती केली आणि अनुच्छेद ३६६ मध्ये २९-अ हा खंड घातला. त्यातील 'ड' उपखंडाने कोणत्याही प्रयोजनासाठी मालाच्या वापराचा हक्क हस्तांतरित करणे ही मानीव विक्री ठरवली. महाराष्ट्राने १९८५ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदाच केला. १ एप्रिल २००५ रोजी मूल्यवर्धित कर आला तेव्हा तो त्यात विलीन झाला.

मानीव विक्री म्हटल्यावर ती कोणत्या राज्यात झाली, हा प्रश्न ओघाने आलाच. ट्वेंटिएथ सेंच्युरी फायनान्स कॉर्पोरेशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००० सालच्या प्रकरणात घटनापीठाने बहुमताने असे सांगितले की, माल अस्तित्वात असेल तर वापराच्या हक्काचा लेखी करार जेथे झाला तेथे विक्री झाली. माल कोठे वापरला जातो हे गौण होय. म्हणजे यंत्र चंद्रपूरच्या कारखान्यात फिरत असले तरी सही दुसऱ्या राज्यात झाली असेल तर महाराष्ट्राच्या हाती काही लागत नसे. महसुलाचे ठिकाण सहीच्या कागदावर अवलंबून राहणे ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने विचित्रच स्थिती होती.

दरम्यान केंद्र सरकारने सेवाकराच्या वाटेने याच क्षेत्रात पाऊल टाकले. १ जून २००७ पासून व्यवसायासाठी स्थावर मालमत्ता भाड्याने देणे आणि १६ मे २००८ पासून ताबा व प्रत्यक्ष नियंत्रण न सोपवता यंत्रसामग्री वापरण्यास देणे, या दोन्ही बाबी सेवाकराखाली आल्या. एकाच क्रेनच्या भाड्यावर राज्य 'ताबा सोपवला' म्हणून मूल्यवर्धित कर मागे आणि केंद्र 'ताबा सोपवला नाही' म्हणून सेवाकर. क्रेन कोणाच्या सांगण्यावरून हलते, चालकाचा पगार कोण देतो, परवाना कोणाच्या नावे आहे, अशा प्रश्नांवर वकिलांनी वर्षे काढली. भारत संचार निगमच्या २००६ मधील निकालात हक्क हस्तांतरणाच्या पाच खुणा सांगितल्या गेल्या, तरी वाद शमले नाहीत. आसाममध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाला पुरवलेल्या क्रेन, ट्रक आणि टँकर यांच्याविषयीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिला. तो कर तोपर्यंत स्वतःच इतिहासजमा झाला होता.

स्थावर मालमत्तेची कथा अधिक बोधक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये असा निर्णय दिला की, केवळ जागा भाड्याने देण्यात मूल्यवर्धन करणारी कोणतीही सेवा नाही. कर लागलाच तर भाड्याने देण्याच्या अनुषंगाने दिलेल्या सेवेवर लागेल. संसदेने २०१० च्या वित्त कायद्याने व्याख्येतील शब्द बदलले आणि बदल २००७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केला. पुढे २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा कर वैध ठरवला, दिल्लीच्या पूर्णपीठानेही तोच मार्ग धरला. न्यायालयाने शब्दाचा नेहमीचा अर्थ घ्यावा आणि विधिमंडळाने मागील तारखेपासून शब्दच बदलावा, ही पद्धत येथे रूढ झाली. पुढील विवेचनात तिची पुन्हा गाठ पडते.

जंगम वस्तू : जेथे कायदा बहुतांशी जमला

नव्या कायद्याने जंगम वस्तूंबाबत केलेली सुधारणा निःसंशय मोलाची आहे. वस्तू असो वा सेवा, कर एकच आणि तो केंद्र व राज्य दोघांचा, असे ठरल्यावर 'ताबा कोणाचा' या वादातील महसुली चुरस संपली. नोंदणीकृत व्यक्तीला यंत्र भाड्याने दिल्यास पुरवठ्याचे स्थान प्राप्तकर्त्याच्या ठिकाणी धरले जाते. त्यामुळे सही कोठे झाली हा २००० सालचा प्रश्नही निकालात निघाला. दराबाबतचा नियम तर विशेष समंजस म्हणावा लागेल. वस्तू विकताना जो दर, तोच ती वापरण्यास देताना. यंत्रावर अठरा टक्के असतील तर त्याच्या भाड्यावरही अठरा टक्केच. भाडेपट्ट्याने देणाऱ्याने यंत्र घेताना भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, त्याला मिळते. घेणारा करपात्र व्यवसाय करीत असेल तर भाड्यावरील कराची वजावट त्यालाही मिळते. साखळी कोठे तुटत नाही.

संक्रमणकाळातील एक अडचणही बऱ्यापैकी सोडवली गेली. १ जुलै २०१७ पूर्वी घेतलेल्या आणि भाडेपट्ट्याने दिलेल्या मोटारींवर उत्पादनशुल्क व मूल्यवर्धित कर भरला गेला होता, त्याची वजावट नव्या कायद्यात मिळणार नव्हती आणि भाड्यावर मात्र पूर्ण कर लागणार होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये अशा मोटारींच्या भाड्यावरील कर तीन वर्षांपुरता मूळ दराच्या ६५ टक्के करण्यात आला. उपाय ढोबळ होता, पण दुहेरी कराची दखल घेणारा होता.

तरीही दोन दोष राहिले आहेत. पहिला दराच्या अस्थिरतेचा. विकत घेणाऱ्याने एकदा कर भरला की दरबदलाशी त्याचा संबंध संपतो. भाडेकरू मात्र प्रत्येक हप्त्याला चालू दराने कर देतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी मोटारींचे दर बदलले, लहान गाड्या अठरा आणि मोठ्या चाळीस टक्क्यांच्या वर्गात गेल्या, तेव्हा जुन्या करारांचे पुढचे हप्तेही बदलले. हा दोष सौम्य आहे, कारण बदल दोन्ही दिशांना होऊ शकतो.

दुसरा दोष अधिक खोल आहे आणि त्याची चर्चा कमी होते. कर्जावरील व्याज या करातून मुक्त आहे. भाड्यात मुरलेले व्याज मुक्त नाही. समजा, एखाद्या संस्थेला दहा लाख रुपयांचे उपकरण हवे आहे आणि दर अठरा टक्के आहे. संस्थेने बँकेचे कर्ज काढून ते विकत घेतले तर कर होतो १,८०,००० रुपये. बँकेच्या व्याजावर काही नाही. तेच उपकरण वित्तीय भाडेपट्ट्याने घेतले आणि पाच वर्षांचे एकूण भाडे तेरा लाख झाले, तर कर होतो २,३४,००० रुपये. उपकरण तेच, पैशाची किंमतही तीच, कर मात्र ५४,००० रुपयांनी अधिक. घेणाऱ्याला वजावट मिळत असेल तर हा फरक केवळ कागदोपत्री राहतो. रुग्णालय, महाविद्यालय यांसारख्या करमाफ सेवा देणाऱ्या संस्थेला तो खिशातून सोसावा लागतो. तेव्हा कर्ज मिळण्याइतकी पत नसलेल्या लहान संस्थेनेच अधिक कर भरावा, असा या रचनेचा अर्थ होतो.

शेतीसाठी यंत्रे भाड्याने देणे करमाफ आहे. ही सूट योग्य असली तरी ट्रॅक्टरधारकाला ट्रॅक्टरवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही व तो कर भाड्यात लपून राहतो, एवढी नोंद येथे पुरेशी आहे.

स्थावर मालमत्ता : एका अव्ययाचे भवितव्य

इमारतींकडे वळताच वरील साखळी तुटते. कायद्याच्या कलम १७ (५) (ड) नुसार स्वतःसाठी स्थावर मालमत्ता बांधताना वापरलेल्या वस्तू व सेवांवरील कराची वजावट मिळत नाही, मग ती मालमत्ता व्यवसायासाठी वापरली जात असली तरी. सिमेंट, पोलाद, उद्‌वाहने, वास्तुविशारदाचे शुल्क या सर्वांवर कर भरावयाचा आणि इमारत पूर्ण झाल्यावर तिच्या भाड्यावर पुन्हा अठरा टक्के आकारावयाचे. एकदा भरलेला कर भाड्यात समाविष्ट होतो आणि त्यावर पुन्हा कर चढतो. करावर कर चढू नये हाच तर या कायद्याचा घोषित हेतू होता.

शासनाची बाजू अगदीच पोकळ नाही. पूर्ण झालेल्या इमारतीची विक्री या कराच्या कक्षेत येत नाही. म्हणून बांधकामापाशी साखळी संपते आणि पुढे कर नसताना मागच्या कराची वजावट का द्यावी, हा तो युक्तिवाद. विकण्यासाठी वा स्वतः वापरण्यासाठी बांधलेल्या इमारतीला तो लागू पडतो. भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या इमारतीला तो लागू पडत नाही, कारण तेथे साखळी संपतच नाही. ती दरमहा भाड्याच्या पावतीने पुढे चालते.

भुवनेश्वर येथील एका व्यापारी संकुलाच्या प्रकरणात नेमका हाच प्रश्न उभा राहिला. सफारी रिट्रीट्स या कंपनीने संकुल बांधताना भरलेल्या चौतीस कोटी रुपयांहून अधिक कराची वजावट गाळ्यांच्या भाड्यावरील करातून मागितली. ओरिसा उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी कलम घटनात्मकदृष्ट्या वैध ठरवले, परंतु त्यातील शब्दयोजनेकडे लक्ष वेधले. 'क' उपखंडात 'संयंत्र आणि यंत्रसामग्री' असे शब्द होते व त्यांच्या व्याख्येतून इमारती वगळल्या होत्या. 'ड' उपखंडात मात्र 'संयंत्र किंवा यंत्रसामग्री' असे शब्द होते. या दुसऱ्या शब्दप्रयोगाला ती व्याख्या लागू नाही; म्हणून एखादी इमारत तिच्या कार्यावरून 'संयंत्र' ठरते काय, हे प्रत्येक प्रकरणी तपासावे, असे न्यायालयाने म्हटले. गाळे भाड्याने देण्याच्या व्यवसायात संकुल हे केवळ बसण्याचे ठिकाण आहे की कमाईचे साधन, असा हा प्रश्न आहे, आणि तो मूल्यवर्धनाच्या तत्त्वाला धरून आहे.

वित्त कायदा, २०२५ ने 'ड' उपखंडातील 'किंवा' काढून 'आणि' घातले आणि हा बदल १ जुलै २०१७ पासून अमलात आला असे मानले. मूळ शब्द ही मसुद्यातील चूक होती, असे स्पष्टीकरण देण्यात आले. चूक असेलही. परंतु सात वर्षे कायद्याच्या पुस्तकात असलेला शब्द वाचून ज्यांनी गुंतवणुकीचे निर्णय घेतले त्यांच्यापुढे हे स्पष्टीकरण अपुरे पडते. न्यायालयाने उघडलेली वाट तत्त्वाच्या आधारे बंद झाली असती तर वाद वेगळा झाला असता; ती एका अव्ययाच्या अदलाबदलीने बंद झाली आणि भाड्याच्या साखळीबाबत न्यायालयाने केलेल्या विवेचनाला विधिमंडळात उत्तर मिळाले नाही. २०१० ची पुनरावृत्ती झाली ती येथे.

स्थावर मालमत्तेच्या भाड्याला आणखी एक जाच आहे तो ठिकाणाचा. येथे पुरवठ्याचे स्थान मालमत्ता असेल तेथेच धरले जाते. पुण्यात नोंदणी असलेल्या कंपनीने पणजीत कार्यालय भाड्याने घेतले तर गोव्यातील मालक केंद्राचा व गोवा राज्याचा कर आकारतो. पुण्याच्या नोंदणीवर त्याची वजावट मिळत नाही. एका खोलीच्या कार्यालयासाठी दुसऱ्या राज्यात नोंदणी घ्यावी किंवा वजावट सोडून द्यावी, असे दोनच पर्याय उरतात.

पट्टा, अनुज्ञप्ती आणि पागडी

मालमत्ताविषयक कायद्यात भाडेपट्टा आणि अनुज्ञप्ती यांतील भेद मूलभूत आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे भाडेपट्ट्याने जागेत हितसंबंध निर्माण होतो. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यातील अनुज्ञप्तीने केवळ परवानगी मिळते. महाराष्ट्रात 'लिव्ह अँड लायसन्स' करार घरोघरी पोहोचला तो याच भेदामुळे. करकायद्याने हा भेद पुसून टाकला. पट्टा, कुळवहिवाट, अनुज्ञप्ती सर्वांना 'सेवा' या एकाच कोष्टकात बसवले. ताबा सहा महिन्यांचा असो वा पिढ्यान्‌पिढ्यांचा, कायद्याच्या लेखी फरक नाही.

अल्पमुदतीच्या भाड्याला हे ठीक आहे. दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांना ते लावताना कायदा अवघडतो. सिडकोने साठ वर्षांच्या पट्ट्याने दिलेल्या भूखंडांवरील एकरकमी अधिमूल्य करपात्र आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने उद्योगांना तीस वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने दिलेल्या भूखंडांचे अधिमूल्य मात्र अधिसूचनेने करमाफ आहे. पट्टाधारकाने आपला औद्योगिक भूखंड तिसऱ्याच्या नावे कायमचा करून दिल्यास तो स्थावर मालमत्तेच्या विक्रीसारखा व्यवहार असून त्यावर हा कर लागत नाही, असा निर्णय गुजरात उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. साठ वर्षांचा पट्टा प्रथम देताना ती सेवा, आणि उरलेल्या वर्षांसाठी तोच हक्क पुढे देताना ती मालमत्तेची विक्री, ही दोन विधाने एकत्र नांदवणे कठीण आहे.

मुंबईतील पागडीच्या जागांचा प्रश्न याहून नाजूक. २ मे २०१८ च्या परिपत्रकाने पागडी घेऊन भाडेकरू हक्क देणे ही सेवा ठरवली, त्यावर मुद्रांक शुल्क भरले असले तरीही. निवासी जागेत निवासासाठी हक्क देणे करमाफ. परंतु जागा सोडणाऱ्या जुन्या भाडेकरूला पागडीतील जो हिस्सा मिळतो, तो 'हक्क सोडण्याच्या सेवेचा' मोबदला म्हणून करपात्र मानला गेला. गिरगाव वा लालबागेतील चाळीत जन्मलेल्या माणसाने म्हातारपणी खोली सोडली, तर त्याने सेवा पुरवली असे म्हणणे भाषेवर अन्याय करणारे आहे. नोंदणीच्या मर्यादेमुळे बहुतेकांना प्रत्यक्ष कर भरावा लागत नाही, हा भाग निराळा. परिपत्रकाने सामान्य माणसाला जीवनभराच्या वहिवाटीच्या मोबदल्याबद्दल व्यावसायिक पुरवठादाराच्या पंक्तीला बसवले, ही आक्षेपाची बाब उरतेच.

निवासाची बदलती कसोटी

निवासी घर निवासासाठी भाड्याने देणे प्रारंभापासून करमाफ होते. 'निवासी घर' या शब्दांची व्याख्या मात्र कायद्यात नाही. बंगळुरू येथील बेचाळीस खोल्यांची इमारत मालकाने एका कंपनीला दिली व कंपनीने ती विद्यार्थी आणि नोकरदार यांना वसतिगृह म्हणून चालवली, तेव्हा सूट मालकाला मिळावी की नाही, असा वाद झाला. कर्नाटक उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रत्यक्ष राहणाऱ्याकडे पाहिले. शेवटी त्या खोल्यांत माणसे राहतातच, तेव्हा सूट लागू होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये तो निर्णय कायम केला.

दरम्यान १८ जुलै २०२२ पासून कसोटीच बदलली होती. घर घेणारा नोंदणीकृत असेल तर सूट नाही आणि कर 'रिव्हर्स चार्ज' पद्धतीने भाडेकरूनेच भरावयाचा. म्हणजे घराचा उपयोग तोच, राहणारा तोच, फक्त करार करणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक आहे की नाही यावर करपात्रता ठरू लागली. नोंदणीकृत दुकानदाराने स्वतःच्या कुटुंबासाठी घेतलेल्या घरावरही कर येतो की काय, अशी भीती उद्भवली. १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक निवासापुरता खुलासा करावा लागला. १५ जुलै २०२४ पासून वसतिगृहांसाठी स्वतंत्र सूट आली : दरमहा प्रतिव्यक्ती वीस हजार रुपयांपर्यंत आणि किमान सलग नव्वद दिवस. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाची व्यापारी जागा घेणाऱ्या नोंदणीकृत भाडेकरूवरही रिव्हर्स चार्ज आला. कंपोझिशन योजनेतील लहान व्यापाऱ्याला वजावट मिळत नाही, हे ध्यानात आल्यावर त्याला जानेवारी २०२५ मध्ये त्यातून वगळण्यात आले. आधी सरसकट बोजा, मग ओरड, मग अपवाद, असा हा क्रम आहे.

व्यापाऱ्याची ओरड ऐकली गेली, कारण तो संख्येने मोठा व संघटित आहे. वजावट न मिळणाऱ्या दुसऱ्या वर्गाकडे अद्याप कोणाचे लक्ष गेलेले नाही.

शिक्षणसंस्था : अनवधानाने आलेला बोजा

मान्यताप्राप्त अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेने विद्यार्थ्यांना दिलेली सेवा करमाफ आहे, यास्तव महाविद्यालयाचा या कराशी संबंध नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. उपाहारगृहाची जागा, झेरॉक्सचे दुकान, बँकेची शाखा, गच्चीवरील मोबाइलचा मनोरा, सुटीच्या दिवशी परीक्षेसाठी बाहेरच्या यंत्रणेला दिलेले वर्ग, कार्यक्रमासाठी दिलेले सभागृह वा मैदान, या सर्वांचे भाडे करपात्र आहे.

यावर सामान्य उत्तर असे की, हे उत्पन्न वीस लाखांच्या खाली असेल तर नोंदणी कशाला? येथेच कायद्यातील सापळा आहे. नोंदणीची मर्यादा 'एकत्रित उलाढाली'वर मोजली जाते आणि कलम २ (६) नुसार त्या उलाढालीत करमाफ पुरवठाही धरला जातो. शिवाय ती एका पॅन क्रमांकाखालील सर्व शाखांची मिळून असते. ज्या संस्थेचे सर्व पुरवठे करमाफ आहेत तिला नोंदणीतून सूट आहे. पण एक रुपयाचेही करपात्र भाडे आले की ती सूट जाते आणि विद्यार्थ्यांच्या शुल्काची रक्कम मोजणीत येते. महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांची घडण पाहता याचा अर्थ गंभीर आहे. एका संस्थेच्या एकाच पॅनखाली कितीतरी शाळा व महाविद्यालये असतात. त्यांच्या शुल्काची बेरीज वीस लाखांच्या पलीकडे सहज जाते. तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयाचे उपाहारगृह अख्ख्या संस्थेला नोंदणीच्या दारात आणून उभे करते.

नोंदणीनंतरचे गणित पाहावे. समजा, उपाहारगृहाचे भाडे दरमहा ५,००० रुपये आहे. त्यावरील वार्षिक कर १०,८०० रुपये. शासनाला मिळावयाचा न्याय्य महसूल एवढाच. परंतु आता संस्था 'नोंदणीकृत' झाली. तिने आपल्या वर्गांसाठी नोंदणी नसलेल्या मालकाकडून एखादी इमारत दरमहा ५०,००० रुपयांनी घेतली असेल, तर रिव्हर्स चार्जने दरमहा ९,००० म्हणजे वर्षाला १,०८,००० रुपये तिला भरावे लागतील. बाहेरगावच्या अध्यापकांसाठी १५,००० रुपये भाड्याची सदनिका घेतली असेल तर आणखी वर्षाला ३२,४०० रुपये. शिक्षण करमाफ असल्याने या रकमांची वजावट जवळजवळ नाही. ५,००० रुपयांचे भाडे घेतल्यामुळे संस्थेवर १,४०,४०० रुपयांचा असा बोजा आला, जो नोंदणी नसती तर शून्य असता. वर विवरणपत्रे, विलंबशुल्क आणि सल्लागाराचा मोबदला वेगळाच.

हा परिणाम कोणी हेतुपूर्वक योजला असे दिसत नाही. उलाढालीची व्याख्या २०१७ ची, निवासी भाड्यावरील रिव्हर्स चार्ज २०२२ चा, व्यापारी भाड्यावरचा २०२४ चा. प्रत्येक तरतुदीमागे स्वतंत्र कारण होते. तिन्ही एकत्र आल्यावर शिक्षणसंस्थेचे काय होईल, हे पाहण्याचे काम कोणाकडेच नव्हते. धार्मिक स्थळांच्या बाबतीत ही काळजी घेतली गेली होती : नोंदणीकृत न्यासाच्या धर्मस्थळाच्या आवारातील दुकानांचे भाडे दरमहा दहा हजारांच्या खाली आणि सभागृह वा मोकळ्या जागेचे भाडे प्रतिदिन दहा हजारांच्या खाली असेल तर ते करमाफ आहे. देवळाच्या आवारातील फुलवाल्याला मिळणारी सवलत महाविद्यालयाच्या आवारातील झेरॉक्सवाल्याला का नसावी, याचे तर्कशुद्ध कारण सापडत नाही.

दुरुस्तीचे मार्ग कठीण नाहीत आणि त्यांसाठी महसुलावर पाणी सोडावे लागत नाही. पूर्णतः वा मुख्यतः करमाफ सेवा देणाऱ्या संस्थांसाठी नोंदणीची मर्यादा केवळ करपात्र उलाढालीवर मोजावी, हा पहिला मार्ग. त्यासाठी कलम २ (६) किंवा २२ मध्ये दुरुस्ती लागेल. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याप्रमाणे शिक्षणसंस्थांना भाड्यावरील रिव्हर्स चार्जमधून वगळणे, हा दुसरा मार्ग. तो परिषदेच्या शिफारशीवरून अधिसूचनेनेही होऊ शकतो. दरम्यान संस्थांच्या व्यवस्थापनाने गच्चीवरील मनोऱ्याच्या करारावर सही करण्यापूर्वी आपल्या पॅनखालील सर्व शाखांचे शुल्क एकत्र मांडून पाहणे अगत्याचे आहे. हा हिशेब बहुतेक ठिकाणी करार झाल्यावर आणि नोटीस आल्यावर मांडला जातो.